बिघाड बोलावता आला पाहिजे

मंडळी, आज जरा भांडायला बसलोय. भांडण रिपेअरवाल्यांशी आहे, माझ्यासारख्या हौशी लोकांशी आहे, आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःशी आहे. २०२२ च्या दिवाळीत इथेच मी मोठ्या तोऱ्यात एक पोस्ट टाकली होती, ती काहींना आठवत असेल. पुण्याच्या जुन्या बाजारातून उचललेला १९७० च्या दशकातला एक ऑसिलोस्कोप मी कसा 'दुरुस्त' केला, त्याची ती विजयगाथा होती. त्यावर तुम्ही 'मस्तच!', 'लगे रहो!' वगैरे लिहिलंत, आणि मीही फुशारून गेलो. ती पोस्ट आज मागे घेतोय. का, ते सांगतो.

आधी आई आणि मावशीसाठी दोन वाक्यं, कारण त्या दोघी नेमाने वाचतात. ऑसिलोस्कोप म्हणजे विजेची लाट पडद्यावर काढून दाखवणारं यंत्र. डॉक्टरांकडे ईसीजी असतो ना, त्याचाच हा भाऊ समजा, फक्त छातीऐवजी सर्किटला लावायचा. बाकीची यंत्रं बरी आहेत की आजारी, हे ठरवायचं यंत्र. वाण्याच्या दुकानात तराजूचं जे स्थान, तेच आमच्या टेबलावर स्कोपचं. आणि तराजूच अधूनमधून खोटं बोलायला लागला तर काय होतं, त्याचीच ही गोष्ट आहे.

माझ्या स्कोपची तक्रार साधी होती. तासाभराने कधीतरी पहिल्या चॅनेलवरची लाट एकदम अर्धी व्हायची आणि जराशी वर सरकायची. दहा मिनिटं तशीच राहायची, मग आपोआप ठीक. कधी दोन-दोन दिवस काहीच नाही. ब्रँडचं नाव मुद्दामच घेत नाही. पन्नाशीला आलेलं यंत्र कुरकुरलं म्हणून बनवणाऱ्याची बदनामी कशाला?

मी काय केलं? हल्ली सगळे जे करतात तेच. 'जुनं आहे ना, मग सगळे कपॅसिटर बदलून टाक.' हे वाक्य आमच्या छंदात आता मंत्रासारखं म्हटलं जातं. मीही दोन शनिवार-रविवार बसून ३८ कपॅसिटर बदलले. बोर्ड बाहेर काढले, जुने उपटले, नवे लावले, बोर्ड परत बसवले. स्कोप सुरू केला आणि बिघाड गायब! आठवडाभर चालवून बघितला, एकदाही लाट पडली नाही. मग पोस्ट टाकली, आणि दिवाळीला तो स्कोप डोंबिवलीला ताईकडे नेऊन भाच्याच्या हवाली केला. इंजिनियरिंगला इलेक्ट्रॉनिक्स घेतलेला मुलगा, त्याला खऱ्या काचेच्या पडद्याचा स्कोप मिळाला म्हणून स्वारी हवेत होती.

पुढच्या वर्षी, २०२३ च्या पावसाळ्यात, त्याचं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट सुरू झालं. छोटासा ऑडिओ ॲम्प्लिफायर. तो नीट चालायचा आणि मधेच आउटपुट अर्धं व्हायचं. भाच्याने सोल्डरिंग तपासलं, ट्रान्झिस्टर बदलले, अख्खा बोर्ड तीन वेळा नव्याने बनवला. फोनवर मला विचारलं तेव्हा मी ज्ञान पाजळलं, "तुझंच कुठेतरी ड्राय सोल्डर असणार, नीट बघ." तीन आठवडे पोरगं रात्र-रात्र जागलं. शेवटी ताईला म्हणाला, "आई, मला हे जमत नाही. मी आपला सॉफ्टवेअरचा कोर्स करतो."

सप्टेंबरमध्ये गणपतीला ताईकडे गेलो तेव्हा त्याच्या टेबलापाशी बसलो. त्याने ॲम्प्लिफायर चालू करून दाखवला. अर्ध्या तासाने लाट अर्धी झाली. मी सवयीने म्हटलं, "बघ, ड्राय सोल्डर." मग सहज म्हणून प्रोब काढून स्कोपच्याच पुढच्या पट्टीवर लावला. तिथे स्कोपची स्वतःची चौकोनी लाट असते, प्रोब जुळवण्यासाठी दिलेली, आणि तिची उंची ठरलेली असते. ती लाटसुद्धा अर्धीच दिसत होती!

सांगताना लाज वाटते, पण पुढचं त्याहून वाईट आहे. भाच्याने वही काढली. प्रत्येक वेळची नोंद होती. तारीख, वेळ, किती मिनिटांनी झालं, पाऊस होता की नाही, बटणं कुठे होती. आणि सात-आठ ठिकाणी लिहिलं होतं, 'लाट अर्धी, थोडी वर सरकली, एसी कपलिंग'. जाणकारांच्या लक्षात आलंच असेल. स्कोप एसी कपलिंगवर असताना बाहेरून येणारी स्थिर डीसी आतला कपॅसिटर अडवतो. त्यामुळे साधी सममित लाट वर सरकून तिथेच बसली, तर ते सरकणं ॲम्प्लिफायरमधून येऊच शकत नाही. ते स्कोपच्या पोटातलंच. गुन्हेगाराचा पत्ता त्या पोराने महिनाभर आधी वहीत लिहून ठेवला होता. मामाने विचारलाच नाही, कारण मामाने स्कोप 'दुरुस्त' केला होता ना!

स्कोप परत पुण्याला आणला. या वेळी ठरवलं, हात लावायच्या आधी बघायचं. एक कपॅसिटर बदलायचा नाही, एक बोर्ड उपटायचा नाही. स्कोपची स्वतःची चौकोनी लाट दोन्ही चॅनेलना एकाच वेळी दिली. आता पहिली पडली आणि दुसरी उभी राहिली, तर लाट देणारा भाग निर्दोष आणि पहिला चॅनेल दोषी. तसंच झालं. मग मल्टिमीटर किमान-कमाल नोंदीवर टाकून एकेका सप्लायला चार-चार तास जोडून ठेवला. चॅनेल पडला तेव्हाही सप्लाय जागचा हलला नाही.

हे वाक्य परत वाचा. सप्लाय जागचा हलला नाही. मी बदललेल्या ३८ पैकी बहुतेक कपॅसिटर सप्लायवरचे होते, म्हणजे ते संशयित सुद्धा नव्हते! जे दोन-तीन संध्याकाळच्या मोजमापात कळलं असतं, त्यासाठी मी चार दिवस सोल्डरचा धूर खाल्ला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मग चॅनेलच्या ॲम्प्लिफायरमध्ये टप्प्याटप्प्याने पुढे सरकलो. हेअर ड्रायरला कागदाचा कोन लावून एकेका कोपऱ्याला ऊब दिली, काही नाही. कापसाच्या बोळ्याने एकेका भागावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं, ते उडून जाताना भाग थंड होतो, तरीही काही नाही. शेवटी बायकोची विणकामाची प्लास्टिकची सुई घेतली आणि एकेका ट्रान्झिस्टरला अलगद बाजूने ढोसलं. पाचव्याला सुई लावली आणि लाट धाडकन अर्धी झाली. सुई काढली, ठीक. लावली, अर्धी. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. त्या क्षणी जो आनंद झाला, तो ३८ कपॅसिटर बदलून झाला नव्हता, देवाशपथ. (कुणी करून बघणार असेल तर जपून. स्कोपच्या पिक्चर ट्यूबला काही हजार व्होल्ट लागतात आणि बंद केल्यावरही आतले कपॅसिटर चार्ज धरून बसतात. त्या भागापासून लांब राहा आणि एक हात खिशात ठेवा.)

भिंगातून बघितलं. त्या काळच्या कित्येक यंत्रांत ट्रान्झिस्टर थेट सोल्डर केलेले नसून सॉकेटमध्ये खोचलेले असतात, बदलायला सोपे म्हणून. या सॉकेटची एक पट्टी सैल झाली होती आणि काळी पडली होती. कॉन्टॅक्ट पुरता तुटत नव्हता, पण त्यातला रोध वाढत होता. त्या टप्प्यात दोन ट्रान्झिस्टर जोडीने काम करतात, त्यातला एक लंगडला की लाट छोटीही होते आणि सरकतेही.

आता सांगा, मग दिवाळीत तो बिघाड गेला कसा? कपॅसिटर बदलायला मी बोर्ड बाहेर काढले तेव्हा ट्रान्झिस्टर सांडू नयेत म्हणून उपसून ठेवले होते आणि नंतर परत खोचले होते. खोचताना पाय घासले गेले, काळा थर खरवडला गेला, आणि कॉन्टॅक्ट काही महिन्यांपुरता तरतरीत झाला. कोरड्या हिवाळ्यात टिकला, डोंबिवलीच्या पावसाळ्यात परत गंजला. श्रेय गेलं कपॅसिटरना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोर सोडून संन्याशाचा सत्कार झाला!

एवढ्यावर भागलं नाही. सॉकेट बदलल्यावर दुसऱ्या चॅनेलवर अधूनमधून सूक्ष्म थरथर दिसायला लागली. ती निघाली माझ्याच कर्तृत्वातून. जुना कपॅसिटर ओढताना एका भोकाच्या आतलं तांब्याचं अस्तर मी उचकटलं होतं, आणि वरून सोल्डर देऊन झाकलं होतं. म्हणजे एक बिघाड शोधायला गेलेला मनुष्य दुसरा पेरून आला.

तर आता मुद्द्याचं भांडण. माझं म्हणणं एका वाक्यात असं आहे : अधूनमधून येणारा बिघाड हवा तेव्हा बोलावता आला आणि हवा तेव्हा घालवता आला, तरच तो सापडला म्हणायचं. नुसता गेला, तर तो फक्त गेलाय. परत येईल.

याविरुद्ध तीन पंथ आहेत. पहिला थपडेचा पंथ. घरोघरी जुना रेडिओ थप्पड मारून चालवलेला आहे, त्यामुळे हा पंथ आपल्या रक्तात आहे. थपडेने चालतं हे खोटं नाही, पण का चालतं ते ऐका. १९६० च्या दशकातल्या रेडिओंत एएफ ११४ ते एएफ ११७ हे जर्मेनियम ट्रान्झिस्टर सर्रास असायचे. त्यांच्या धातूच्या डबीला आतून टिनचा मुलामा, आणि त्या टिनला वर्षानुवर्षं केसापेक्षाही बारीक तंतू फुटतात. असा तंतू वाढत वाढत आतल्या तारेला टेकला की शॉर्ट. थप्पड मारली की तंतू तुटतो आणि रेडिओ गायला लागतो. पण टिन तिथेच आहे, आणि बाकीचे तंतूही. हा काही फक्त भंगारातल्या रेडिओचा प्रश्न नाही. १९९८ मध्ये गॅलक्सी ४ हा दळणवळण उपग्रह बंद पडून अमेरिकेतले लाखो पेजर मुके झाले, तेव्हाही संशय याच टिनच्या तंतूंवर गेला. उपग्रहाला थप्पड कोण मारणार? थप्पड हा पुरावा आहे, उपाय नव्हे. कुठे मारली की जातं एवढं टिपलंत तरी निम्मी वाट कापली.

दुसरा पंथ माझा जुना, सरसकटवाल्यांचा. गावात चोरी झाली म्हणून अख्खं गाव कोठडीत टाकायचं. यांचा युक्तिवाद मला पाठ आहे, मीच तो करायचो. 'इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हातारे होतातच.' होतात की! तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा आमच्यातला जुना ठोकताळा आहे. जुने टँटलम कपॅसिटर शॉर्ट होऊन अख्खा सप्लाय खाली बसवतात, हेही खरं. आणि मेन्सवर बसवलेले, पिवळसर पारदर्शक आवरणाला तडे गेलेले कागदी फिल्टर कपॅसिटर तर बिनविचारता बदला. ते ओल धरतात आणि एक दिवस घरभर धूर करतात. तो सुरक्षेचा प्रश्न आहे, शोधाचा नाही. बाकीच्यांसाठी मात्र मोजा. सप्लायवरचा रिपल बघा, ईएसआर मोजा, नापास झाला तो बदला. एक बदल, मग थांबा, मग बघा. ३८ बदल एकदम केले आणि बिघाड गेला, तर तुम्हाला ३८ उत्तरं मिळाली. म्हणजे एकही नाही मिळालं.

तिसरा पंथ म्हणतो, 'कशाला ही डोकेफोड, नवा डिजिटल घे.' अहो, घेतलाय की! माझ्या टेबलावर आहे आणि रोज वापरतो. पण सैल प्रोब, घाणेरडा कनेक्टर आणि तडकलेलं सोल्डर त्यालाही चुकलेलं नाही. फरक इतकाच, की जुन्या यंत्राबरोबर ते उघडायची किल्लीही मिळायची. टेक्ट्रॉनिक्स किंवा ह्यूलेट-पॅकार्डची त्या काळची सर्व्हिस मॅन्युअल्स बघा. सर्किट कसं चालतं त्याचं विवेचन, पूर्ण आकृत्या, कुठल्या बिंदूवर किती व्होल्ट आणि लाट कशी दिसली पाहिजे, सगळं छापलेलं. टेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या ५०० मालिकेतल्या स्कोपमध्ये तर सिरॅमिक पट्ट्यांवर काम करायला लागणाऱ्या चांदीमिश्रित सोल्डरचं छोटं रीळ यंत्राच्या आतच ठेवलेलं असायचं. बनवणाऱ्याने गृहीत धरलं होतं, की कुणीतरी हे उघडेल, समजून घेईल आणि नीट करेल. त्या गृहीतकाला आपण ३८ कपॅसिटर फेकून उत्तर द्यायचं?

आमच्या क्षेत्रातल्या थोर मंडळींनी हे कधीच ओळखलं होतं. बॉब पीज यांचं 'ट्रबलशूटिंग ॲनालॉग सर्किट्स' १९९१ चं. जिम विल्यम्स यांनी त्याच वर्षी संपादित केलेल्या पुस्तकात दुरुस्तीचं महत्त्व सांगायला स्वतंत्र लेख लिहिला. जगातली उत्तमोत्तम सर्किटं रचणारा हा माणूस जुने टेक्ट्रॉनिक्स स्कोप हौसेने दुरुस्त करायचा. दोघेही २०११ च्या जूनमध्ये गेले. विल्यम्स यांचं पसाऱ्याने भरलेलं टेबल पुढे माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये जसंच्या तसं मांडलं गेलं. (हे वाक्य मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं. उपयोग झाला नाही.)

आता एक आक्षेप मला खरंच मान्य आहे. दुकानात बसलेल्या रिपेअरवाल्याला तीन-चारशे रुपयांच्या कामासाठी चार संध्याकाळी मल्टिमीटर लावून बसणं परवडत नाही. बरोबर आहे, त्याला घर चालवायचंय. त्याने सॉकेट हलवावं, कॉन्टॅक्ट साफ करावा, चालू झालं की द्यावं. माझी मागणी एवढीच आहे, की पावतीवर 'दुरुस्त' लिहू नये. 'सध्या चालू आहे, बिघाड सापडला नाही' असं लिहावं. गिऱ्हाईक नाराज होईल, पण ते खरं असेल. आणि हौशी माणसाला तर ही सबबही नाही. आपल्याकडे वेळच वेळ असतो, कमी पडतो तो संयम. आपल्याला शोधण्यापेक्षा पोस्ट टाकायची घाई असते.

कारण खोटी 'दुरुस्ती' फुकट जात नाही, ती कुणाच्या तरी अंगावर येते. मोजायचं यंत्र खोटं बोलतं तेव्हा शिकणारा पोर यंत्रावर संशय घेत नाही, स्वतःवर घेतो. मामाने दिलेला स्कोप चुकेल कसा? मीच चुकत असणार. तीन आठवडे माझा भाचा ज्या बिघाडाशी लढला, तो त्याचा नव्हताच. माझा होता. ताई, तू तेव्हा फोनवर म्हणाली होतीस, की पोराचा धीर सुटलाय, आणि मी म्हटलं होतं, "या वयात असं होतंच." चुकलो. इथे, सगळ्यांसमोर सांगतो.

स्कोप पुढच्या पावसाळ्यात, २०२४ च्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत, मी मुद्दाम उघड्या गॅलरीच्या दाराशी ठेवून रोज तीन तास चालवला. वहीत रोजची नोंद. त्याच सुईने त्याच ट्रान्झिस्टरला ढोसून बघितलं, लाट हलली नाही. मग मूळ सैल सॉकेट परत लावून बघितलं, बिघाड आज्ञाधारकपणे हजर! नवं सॉकेट लावलं, गेला. तेव्हा कुठे झाकण लावलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली आहे. काय बिघडलं होतं, कशाने सापडलं, काय बदललं, आणि कुठले ३८ कपॅसिटर उगीचच बदलले गेले. अक्षर भाच्याचं आहे. स्कोप परत त्याच्याकडेच आहे. डिग्री झाली, सॉफ्टवेअरचा कोर्स काही केला नाही, आता एका छोट्या कंपनीत टेस्टिंगला आहे. मागच्या महिन्यात फोन आला होता, "मामा, एक बोर्ड अधूनमधून पडतोय. अजून हात लावला नाहीये, नुसतं बघतोय."

असो. बरंच भांडलो. तुमच्यापैकी सरसकटवाले असतील त्यांनी खुशाल उलटं भांडावं. फक्त एक अट आहे. तुमच्या शेवटच्या 'दुरुस्त' केलेल्या यंत्रातला बिघाड परत बोलावून दाखवता येतो का, ते आधी बघा. मग बोलू.